पार्श्वभूमी : ट्रेलरने नेमके काय कबूल केलेले असते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वोल्व्हरीन’चा पहिला टीझर आला आणि पहिल्या चोवीस तासांत तो ३६ कोटी ५० लाख वेळा पाहिला गेल्याचे निर्मात्या कंपनीने जाहीर केले. चित्रपट प्रदर्शित व्हायला तेव्हा पाच महिने बाकी होते. पुढे २२ एप्रिल २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच चित्रपटाच्या संदर्भात निकाल दिला की, ट्रेलर दाखवल्याने निर्माता आणि प्रेक्षक यांच्यात कोणताही करार होत नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण ट्रेलरची आजची अवस्था त्या दोन्ही शेजारी ठेवल्या की चांगली कळते. व्यवसायाच्या लेखी ट्रेलर हा आता स्वतंत्र सोहळा आहे. त्याचा मुहूर्त वेगळा काढतात, त्याचे प्रेक्षक वेगळे मोजतात आणि त्याच्या आधी त्याचाही टीझर सोडतात. कायद्याच्या लेखी मात्र तो अजूनही तिकीटखिडकीकडे वळवणारे नुसते आमंत्रण आहे. गेल्या पंधरा वर्षांतील बदलांनी ही तफावत वाढवली असून, सध्या जे प्रयोग चालू आहेत ते पाहता ती मिटण्याची शक्यता कमीच दिसते.

जुना इतिहास येथे थोडक्यात आटोपता येतो. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृह साखळीच्या जाहिरात व्यवस्थापकाने एका संगीत नाटकाची छोटी फिल्म पडद्यावर दाखवली आणि सर्वसाधारणपणे तीच पहिला ट्रेलर म्हणून नोंदली जाते. म्हणजे पहिला ट्रेलर मुळात चित्रपटाचा नव्हताच. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने पुढे कित्येक दशके अमेरिकेतील बहुतेक ट्रेलर बनवले आणि चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवले. पडद्यावर उसळून येणारी अक्षरे आणि विशेषणांची खैरात हा साचा त्याच काळातला. १९६० च्या दशकात दिग्दर्शकांनी तो मोडायला सुरुवात केली. ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक स्वतः प्रेक्षकाला घटनास्थळावरून सहा मिनिटे फिरवून आणतो आणि चित्रपटातील प्रसंग जवळजवळ दाखवतच नाही. १९७५ मध्ये ‘जॉज’ एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर त्याच्या छोट्या जाहिरातींचा देशभर मारा झाला. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर सगळे लक्ष एकवटण्याची आणि त्यासाठी आधीच वातावरण तापवण्याची रीत तेव्हापासून रूढ झाली. त्यानंतरची दोन दशके खर्जातल्या निवेदनाची होती. त्या शैलीचा सर्वात प्रसिद्ध आवाज ज्याचा होता, त्या निवेदकाने हजारो ट्रेलरना आवाज दिला. २००८ मध्ये त्याचे निधन झाले तोवर निवेदन मागे पडू लागलेच होते, आणि नंतर ते मोठ्या चित्रपटांच्या ट्रेलरमधून जवळजवळ नाहीसे झाले.

खरा सांधा १९९८ चा आहे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नव्या चित्रपटाचा पहिला ट्रेलर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा भलत्याच चित्रपटाचे तिकीट काढून, तेवढा ट्रेलर पाहून लोक उठून गेल्याचे वृत्तपत्रांनी नोंदवले. पुढच्या ट्रेलरच्या वेळी, मार्च १९९९ मध्ये, तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय झाली. त्या काळच्या टेलिफोन जोडण्यांवर दोन-अडीच मिनिटांच्या चित्रफितीसाठी लोक तासन् तास थांबले. ट्रेलर पाहण्यासाठी चित्रपटगृहात बसलेच पाहिजे ही अट तेथे संपली, आणि त्या अटीबरोबर चित्रपटगृहमालकांचा ट्रेलरवरील ताबाही हळूहळू सुटत गेला. अमेरिकेतील चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने जानेवारी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांकडे या दृष्टीने पाहायला हवे. ट्रेलर दोन मिनिटांपेक्षा लांब नसावा, तो प्रदर्शनाच्या १५० दिवसांहून आधी दाखवू नये, आणि प्रत्येक वितरकाला वर्षातून दोन वेळा सूट मिळावी, असे त्यांत म्हटले होते. सूचना ऐच्छिक होत्या. निर्मात्यांच्या संघटनेची अडीच मिनिटांची मर्यादा आधीपासूनच होती. पण ज्या ट्रेलरचा बहुसंख्य प्रेक्षक फोनच्या पडद्यावर आहे, त्याची लांबी चित्रपटगृहाने ठरवण्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

फोनच्या पडद्याने ट्रेलरची घडणच बदलली. डिसेंबर २०१० पासून यूट्यूबवर पाच सेकंदांनंतर वगळता येणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या. २०१३ पासून समाजमाध्यमांच्या पानांवर चित्रफिती आपोआप आणि बिनआवाज सुरू होऊ लागल्या. या दोन तांत्रिक निर्णयांचा ट्रेलरवर झालेला परिणाम कोणत्याही दिग्दर्शकाच्या प्रतिभेपेक्षा मोठा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. २०१६ च्या सुमारास ट्रेलरच्या तोंडाशीच त्याचा पाच सेकंदांचा अर्क चिकटवण्याची पद्धत आली. आज कोणत्याही मोठ्या चित्रपटाचा ट्रेलर उघडला तर बहुधा हेच दिसते: एक धडक, एक किंकाळी, नायकाचा चेहरा, लगेच चित्रपटाचे नाव आणि ‘ट्रेलर आता सुरू होत आहे’ अशा अर्थाची पाटी. मग पडदा काळा होतो आणि जो ट्रेलर संथ सुरुवातीने बांधलेला होता तो पहिल्यापासून सुरू होतो. संकलकाने जपलेली उत्कंठा त्याच्या आधीच्या पाच सेकंदांनी फोडलेली असते. तरीही ही पद्धत टिकली, कारण अंगठा पुढे सरकण्याआधी मिळणारा वेळ तेवढाच आहे.

आवाजाच्या बाबतीतही २०१० हे वर्ष महत्त्वाचे ठरले. ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरमधील तो छाती हलवणारा तुतारीसारखा नाद पुढची अनेक वर्षे दिसेल त्या ट्रेलरमध्ये घुमत राहिला. त्याच वर्षी ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरमध्ये एका जुन्या रॉक गाण्याची समूहस्वरातील संथ आवृत्ती वापरली गेली आणि परिचित गाणी मंद, उदास करून वापरण्याची लाट आली, ती अद्याप पूर्ण ओसरलेली नाही. पिस्तुलाचा खटका, दार आपटणे, काच फुटणे हे आवाज तालवाद्यासारखे ठेक्यात बसवणे हाही याच काळातला नेम. यामागे सौंदर्यदृष्टी आहे तशी एक व्यावहारिक अडचणही आहे. ट्रेलर कापला जातो तेव्हा चित्रपटाचे पार्श्वसंगीत बहुतेक वेळा तयारच नसते. म्हणून ट्रेलरसाठी वेगळे संगीत पुरवणारा व्यवसाय उभा राहिला आणि ट्रेलरमध्ये ऐकू येणारे संगीत चित्रपटात न सापडणे ही नेहमीची गोष्ट झाली. त्याबद्दल फसवणुकीची तक्रार कोणी करत नाही, ही बाब पुढील वादाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान ट्रेलर चित्रपटावरच हुकूम चालवू लागला. ‘सुइसाइड स्क्वॉड’चा ट्रेलर लोकांना इतका आवडला की, ज्या कंपनीने तो केला होता तिलाच चित्रपटाची एक आवृत्ती संकलित करायला बोलावल्याचे वृत्त २०१६ मध्ये आले. ‘सोनिक द हेजहॉग’चा ट्रेलर एप्रिल २०१९ च्या अखेरीस आला, तेव्हा नायकाच्या माणसासारख्या दातांवरून आणि अंगकाठीवरून एवढी टीका झाली की दिग्दर्शकाने दोन-तीन दिवसांतच बदल करण्याचे जाहीर केले, पात्राचे रूप नव्याने रेखाटले गेले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर ढकलले गेले. प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवून त्यांचा कौल घेण्यासाठी जो चाचणी खेळ असतो, त्याचे काम येथे ट्रेलरने केले, फरक एवढाच की चाचणीसाठी सारे जग बसले होते.

दुसऱ्या बाजूला, चौकटीनिशी छाननी करणाऱ्या चाहत्यांपासून कथा वाचवण्यासाठी ट्रेलरमध्ये जाणूनबुजून खोटी दृश्ये घालण्याची पद्धत आली. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये शेवटच्या लढाईत धावत येणारा हिरवा राक्षसी नायक चित्रपटात त्या जागी त्या रूपात नव्हताच. २०२१ च्या ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’च्या एका ट्रेलरमधून दोन पात्रे पुसून टाकली होती. ब्राझीलमध्ये आलेल्या आवृत्तीत खलनायकाच्या तोंडावर अदृश्य हाताने ठोसा बसल्यासारखे दिसले, तेव्हा ते काम अर्धवट राहिल्याचे चाहत्यांनी पकडले. त्याच सुमारास उलट्या दिशेची लपवाछपवीही वाढली. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी आलेल्या काही संगीतमय चित्रपटांच्या पहिल्या ट्रेलरमध्ये पात्रे गातात हे जवळपास कळूच दिले नव्हते. आश्चर्य टिकवण्यासाठी लपवणे आणि तिकीट खपवण्यासाठी लपवणे यांतील फरक सामान्य प्रेक्षकाला बरोबर समजतो. न्यायालयांना तो शब्दांत मांडणे अवघड गेले आहे.

ट्रेलरवरून न्यायालयात जाण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. २०११ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एका प्रेक्षक महिलेने ‘ड्राइव्ह’च्या ट्रेलरने वेगवान मोटारींचा चित्रपट असल्याचा भास निर्माण केला, प्रत्यक्षात गाडी चालवण्याची दृश्ये थोडीच होती, असा दावा लावला. तो टिकला नाही, आणि टिकायलाही नको होता, कारण तिची तक्रार चित्रपटाच्या प्रकृतीबद्दल होती. खरी कसोटी ‘येस्टरडे’ या २०१९ च्या चित्रपटावरून लागली. त्याच्या ट्रेलरमध्ये एक नामवंत अभिनेत्री एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या प्रसंगात दिसते आणि नायक तिच्यासमोर गातो. नायकाचे लक्ष नायिकेवरून ढळते हे चाचणी प्रेक्षकांना रुचले नाही, म्हणून अंतिम चित्रपटातून तिची भूमिका पूर्ण काढली गेली. ट्रेलर मात्र तसाच फिरत राहिला. दोन प्रेक्षकांनी प्रत्येकी ३.९९ डॉलर देऊन चित्रपट घरी भाड्याने पाहिला, अभिनेत्री सापडली नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी सामूहिक दावा दाखल केला.

निर्मात्या कंपनीचा बचाव असा होता की, ट्रेलर ही स्वतःच तीन मिनिटांची कलात्मक अभिव्यक्ती आहे आणि तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण आहे. चित्रपटात नसलेली दृश्ये ट्रेलरमध्ये असणे नवे नाही, याचा दाखला म्हणून ‘जुरासिक पार्क’च्या एका ट्रेलरकडे बोट दाखवण्यात आले, कारण तो सगळाच्या सगळा चित्रपटाबाहेरच्या दृश्यांचा होता. डिसेंबर २०२२ मध्ये संघराज्य न्यायाधीशांनी हा बचाव नाकारला. ट्रेलरमध्ये कल्पकता असते हे त्यांनी मान्य केले, परंतु त्याचा मूळ हेतू चित्रपट विकण्याचा असल्याने तो व्यावसायिक भाषण ठरतो आणि खोट्या जाहिरातीचा कायदा त्याला लागू होतो, असे ठरवले. या निर्णयाची व्याप्ती त्यांनी मुद्दाम आखडती ठेवली होती. चित्रपट आवडला नाही, अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला, या कारणावरून दावा चालणार नव्हता. ट्रेलरमध्ये दाखवलेला कलाकार किंवा प्रसंग चित्रपटात आहे की नाही, आणि त्याबाबत वाजवी प्रेक्षकांच्या लक्षणीय भागाची दिशाभूल होईल काय, एवढाच प्रश्न तपासायचा होता. या विषयावर आतापर्यंत मांडली गेलेली ही सर्वात रेखीव कसोटी म्हणावी लागेल. दुर्दैवाने ती वापरून पाहिलीच गेली नाही. एका फिर्यादीने तोच चित्रपट दुसऱ्या ऑनलाइन सेवेवर पुन्हा भाड्याने घेतला होता, आणि त्या वेळी अभिनेत्री त्यात असेल असे मानायला त्याला कारण नव्हते, म्हणजे नुकसान त्याने स्वतःच ओढवून घेतले, असे म्हणत त्याच न्यायाधीशांनी ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकरण निकाली काढले. मूळ प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले.

भारतातील प्रकरण २०१६ च्या ‘फॅन’ या चित्रपटाचे. त्याच्या प्रसिद्धीत एक गाणे मोठ्या प्रमाणावर वाजवले गेले होते आणि चित्रपटात ते नव्हते. ते गाणे पाहण्याच्या ओढीने कुटुंबासह चित्रपटाला गेलेल्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे धाव घेतली. गाणे न दिसल्याने मुले हिरमुसली आणि त्या रात्री जेवली नाहीत, असेही तक्रारीत म्हटले होते. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, आणि राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तो आदेश कायम केला. प्रसिद्धीत दाखवायचे आणि चित्रपटात द्यायचे नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे या दोन्ही आयोगांचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. ट्रेलर ही एकतर्फी कृती असून तिचा हेतू प्रेक्षकाला तिकीट घेण्यास उद्युक्त करण्याचा असतो. सेवेचा व्यवहार तिकीट घेण्याने होतो आणि तो ट्रेलरपासून स्वतंत्र असतो. सबब ट्रेलर हा करारातील प्रस्ताव नव्हे आणि त्यातील मजकूर वचन नव्हे. अनुचित प्रथेच्या मुद्द्यावर न्यायालयाने म्हटले की, ट्रेलरमध्ये गाणे वा संवाद वापरण्यामागे आशयाची माहिती देण्याखेरीज इतरही हेतू असू शकतात, उदाहरणार्थ चित्रपटाविषयी बोलबाला व्हावा हा. कलेशी निगडित सेवांत सादर करणाऱ्याला मोकळीक असते आणि तिला इतर सेवांची फूटपट्टी लावता येत नाही, ही भूमिकाही निकालात आहे.

कराराविषयीचा भाग निर्विवाद म्हणता येईल. दिग्दर्शकाला अखेरच्या दिवसापर्यंत कात्री चालवण्याचे स्वातंत्र्य असायलाच हवे, आणि प्रत्येक वगळलेल्या दृश्यामागे एक खटला उभा राहिला तर ट्रेलर निघणेच बंद होईल. खटकतो तो दुसरा भाग. बोलबाला करणे आणि माहिती देणे हे हेतू वेगळे असतात हे खरे, पण प्रेक्षक त्या दोन्हींच्या आधारे एकच निर्णय घेतो. शिवाय चित्रपटातून एखादे दृश्य उशिरा निघाले आणि ट्रेलर जुना राहिला, ही एक गोष्ट झाली. जे चित्रपटात असणार नाही हे ठाऊक असून त्याच्याच बळावर प्रसिद्धी करणे ही दुसरी. अमेरिकी न्यायाधीशांची आखूड कसोटी निदान हा फरक तपासायला वाव ठेवत होती. ‘फॅन’च्या निकालानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बेंगळुरूमधील ग्राहक आयोगाने मूळ खेळाआधी सुमारे पंचवीस मिनिटे जाहिराती आणि ट्रेलर दाखवल्याबद्दल चित्रपटगृहाला भरपाई द्यायला सांगितले आणि पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ट्रेलरने काय दाखवावे, यापाठोपाठ तो किती काळ सोसावा हाही वाद न्यायालयात पोहोचला आहे.

पुढची दिशा दोन प्रवाहांतून ठरेल असे दिसते. पहिला प्रवाह यंत्राने केलेल्या ट्रेलरचा. २०१६ मध्ये ‘मॉर्गन’ या भयपटासाठी एका संगणक कंपनीच्या प्रणालीला शंभर भयपटांचे ट्रेलर दाखवून तिच्याकडून चित्रपटातील दहा क्षण निवडून घेतले गेले आणि माणसाने ते जोडले. २०१८ मध्ये एका निर्मितीसंस्थेने ट्रेलरच्या चौकटींमधील दाढी, मोटार, झाडे असे घटक ओळखून त्यावरून कोणता प्रेक्षक येईल याचा अंदाज बांधणारी प्रणाली मांडली. ही साधने अद्याप संकलकाच्या हाताखाली होती. आता यंत्र ट्रेलरमधील मजकूर स्वतःच रचते. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मेगॅलोपोलिस’चा ट्रेलर मागे घ्यावा लागला, कारण त्यात दिग्दर्शकाच्या जुन्या चित्रपटांबद्दलची म्हणून जी समीक्षकांची वाक्ये झळकवली होती, ती त्या समीक्षकांनी त्या चित्रपटांबद्दल कधी लिहिलेलीच नव्हती. अस्तित्वात नसलेल्या चित्रपटांचे ट्रेलर बनवणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांना कोट्यवधी प्रेक्षक मिळाले. मार्च २०२५ मध्ये उघड झाले की, काही निर्मितीसंस्थांनी अशा बनावट ट्रेलरवर बंदी मागण्याऐवजी त्यांच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवून घेतले होते. कलावंतांच्या संघटनेने त्यावर कठोर टीका केली आणि यूट्यूबने दोन मोठ्या वाहिन्यांचे उत्पन्न थांबवले. ज्या ट्रेलरमागे चित्रपटच नाही, त्यातूनही निर्मात्याला पैसे मिळतात, हे एकदा सिद्ध झाल्यावर ट्रेलर केवळ तिकिटासाठी असतो ही न्यायालयीन समजूत व्यवहारात किती उरली, हा प्रश्न रास्त ठरतो.

दुसरा प्रवाह प्रेक्षकागणिक बदलणाऱ्या ट्रेलरचा आहे आणि तो अधिक शांतपणे वाहतो आहे. २०१३ मध्ये एका स्ट्रीमिंग सेवेने आपल्या मालिकेसाठी दहा वेगवेगळे ट्रेलर कापले आणि प्रेक्षकाने आधी काय पाहिले होते त्यावरून कोणाला कोणता दाखवायचा हे ठरवले. एका रॅप संगीतसमूहावरील २०१५ च्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’साठी फेसबुकवर वंशानुसार वेगळे ट्रेलर दाखवले गेले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या आवृत्तीत त्या संगीतसमूहाची ओळख गृहीत धरलेली होती, तर श्वेतवर्णीयांच्या आवृत्तीत समूहाचे नाव मागे ठेवून गुन्हेगारीपटाचा बाज आणला होता. ही गोष्ट पुढच्या वर्षी प्रसिद्धी विभागाच्या एका अधिकाऱ्याने जाहीर व्यासपीठावर, यशोगाथा म्हणून, सांगितली तेव्हा बाहेर आली. तेव्हा दोन-चार किंवा दहा आवृत्त्या हाताने कापाव्या लागत. यंत्राच्या मदतीने त्या शेकड्यांनी काढणे अवघड उरलेले नाही. उभ्या पडद्यासाठी वेगळी चौकट, पंधरा सेकंदांची, सहा सेकंदांची अशा तुकड्यांची मागणी आधीच इतकी आहे की, अडीच मिनिटांचा मुख्य ट्रेलर हा पुष्कळदा बाकीचे तुकडे कापण्यासाठीचे ठाण ठरतो.

‘येस्टरडे’ आणि ‘फॅन’ या दोन्ही प्रकरणांत एका गोष्टीवर वाद नव्हता: ट्रेलरमध्ये काय होते हे फिर्यादी, निर्माता आणि न्यायालय या सर्वांनी पाहिले होते, कारण तो सर्वांसाठी सारखा होता. वाजवी प्रेक्षकाची कसोटी लावायची तर समोर एक ठरलेला ट्रेलर असावा लागतो. प्रत्येकाला वेगळी आवृत्ती दिसू लागली की तक्रार करणाऱ्याला आधी आपण नेमके काय पाहिले हे सिद्ध करावे लागेल, आणि ती नोंद त्याच्याजवळ नसून ज्या ऑनलाइन मंचाने ती आवृत्ती त्याच्यापुढे ठेवली त्याच्याजवळ असेल. ती नोंद किती काळ जपायची आणि मागितल्यास कोणाला द्यायची, याचा विचार या दोन्ही निकालांत नाही, कारण तो प्रसंग त्या न्यायालयांपुढे आलाच नव्हता.